वर्गाच्या ग्रुपवर मुलाला छळतात, शाळा म्हणते "आमचा संबंध नाही"

नाशिकची_आई
मुलगा आठवीत, राज्य मंडळाची अनुदानित शाळा. बोलताना अडखळतो. वर्गातल्या पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढलाय. त्यात याच्या फोटोचं स्टिकर, खाली "ह-ह-हजर". कुणी काहीही लिहिलं की उत्तराला तेच. सकाळी हजेरीला याचं नाव आलं की मागच्या बाकावरून "ह-ह" सुरू. आता हा हजेरीच्या वेळी पाणी प्यायला जातो आणि उशिराची खूण लागते ती वेगळीच. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मोबाइल तुम्ही दिलात, ग्रुप घरी चालतो." मुख्याध्यापक म्हणाले, "समज देतो." दिवाळीआधीही समजच दिली होती. ह्यांचं म्हणणं, शाळा बदलू. का म्हणून? कुणी शाळेकडून खरंच काही करवून घेतलंय का?

निवृत्त_मास्तर
ताई, तोंडी तक्रारीला शाळेत काही किंमत नसते. मी मुख्याध्यापक होतो, म्हणून सांगतो. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन पोच घरी आणा. अर्जाची सुरुवात ग्रुपने नको, हजेरीने करा. ती वर्गात, बाईंच्या देखत घडते, तिथे हात झटकता येत नाहीत. स्टिकर त्याला जोडून द्या.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. तो फक्त कॉलेजांसाठी आहे असं सगळे समजतात, पण त्यातल्या व्याख्येत शिक्षण देणारी इतर संस्थाही येते. लेखी तक्रार आली की प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. अर्जात एवढं एक वाक्य घाला, पुरे. लगेच पोरांना काढून टाका म्हणू नका, मग त्यांचे पालक भांडायला येतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

आणि नोंद मागा. आमच्याकडे साधी दोनशेपानी वही होती: तारीख, तास, जागा, कुणी पाहिलं, काय ठरलं, पुन्हा कधी बघायचं. शेवटचा रकाना कुणीच भरत नाही, आणि काम तिथेच अडतं. वही चाळताना लक्षात आलं, निम्मी भांडणं मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी. तिथे एक शिक्षक उभा केला.

पुण्याची_पालक
आमची सीबीएसई. मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकाप्रमाणे छळ रोखायची समिती आहे, फलकावर नावंही आहेत. बैठक मात्र आम्ही हट्ट धरला तेव्हा झाली. राज्य मंडळाच्या शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती, असायला हवी, तिच्याकडेही एक प्रत द्या. मुलगा ग्रुपमध्ये असेल तर बाहेर पडण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून घ्या. आणि भर वर्गात माफी मागायला लावू नका. आमच्या मुलीला त्यानंतर "चुगलीबाई" नाव पडलं, ते वर्षभर टिकलं.

नाशिकची_आई
अर्ज लिहायला घेतलाय. मुलगा ग्रुपमध्ये नाही, स्क्रीनशॉट त्याच्या मित्राने पाठवले. त्याचं नाव द्यावं लागेल?

निवृत्त_मास्तर
मुळीच नको. "आमच्याकडे आलेले स्क्रीनशॉट" एवढंच लिहा. छापण्याआधी वर कोपऱ्यात बघा, पाठवणाऱ्याच्या फोनवरची दुसरी नोटिफिकेशन दिसत असते, त्यावरूनही पोरं ओळखतात. ती कापा, पण मूळ फोटो जपून ठेवा. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर पोचेची प्रत जोडून जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. आणि बाईंना म्हणावं, काही दिवस हजेरी हात वर करून घ्या. सगळ्या वर्गाची, एकट्या याची नव्हे.