डिसेंबरात गाईड घेऊन दोन दिवसांचा जंगल ट्रेक: नेत्रावळी की म्हादई?

फोंडेकर_आठजण
आम्ही आठजण आहोत. सर्वात लहान बारा वर्षांची मुलगी, सर्वात मोठे एकसष्ट वर्षांचे काका (रोज सकाळी चालणारे). शनिवार-रविवार असे दोन दिवस, गाईड घेऊन, खऱ्याखुऱ्या दाट रानातून चालायचे आहे. नुसते गाडीतून उतरून धबधबा बघणे नको. दिवाळीची सुट्टी बरी की डिसेंबर? गोव्यातल्या अभयारण्यांपैकी नेत्रावळी घ्यावी की म्हादई? गाईडला आधी काय काय विचारावे? जळवांची मुलीला फार भीती वाटते. आणि त्याच फेरीत दूधसागर जमेल का?

सांगेकर
डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. दिवाळीच्या सुमाराला परतीचा पाऊस दुपारनंतर कोसळू शकतो, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला व्हाळ (ओढा) परत येताना मांडीला लागतो. तेव्हा जळवाही असतात. डिसेंबरात वाटा सुकलेल्या, व्हाळ उतरलेले आणि धबधब्यांना तरीही पाणी. फेब्रुवारीनंतर जायचे नाही. उकाडा, गोचीड आणि वणवे. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले तेव्हा अभयारण्यांत शिरायलाच मनाई झाली होती. पावसाळ्याचा तर विचारच सोडा. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर माणसे बुडाल्यावर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली होती, त्यामुळे दर वर्षी त्या वेळचा नियम विचारूनच निघावे.

तुमच्या गटाला नेत्रावळी. दोन्ही अभयारण्ये १९९९ ची आणि आकाराने जवळजवळ सारखी, दोनशे चौरस किलोमीटरच्या थोडी वर. पण म्हादईचा चढ अंगावर येतो, तिथला सोसोगड डोंगर तर हजार मीटरच्या वर आहे. बारा आणि एकसष्ट वर्षांची माणसे एका वेगाने तिथे चालणार नाहीत. नेत्रावळीत पहिल्या दिवशी दुपारी गोपीनाथाच्या देवळाकडची बुडबुड्यांची तळी आणि जवळचा सावरी धबधबा करा, गावातच मुक्काम. मैनापी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून. अभयारण्याच्या आत तंबू ठोकायचा बेत कोणी सांगितला तर ऐकू नका.

एक गोष्ट बुकिंगच्या वेळीच सांगा. गोव्यात सदाहरित रान सलग नाही. वरच्या उतारावर माट्टी, किंदळ यांसारखी पाने गाळणारी झाडे, आणि काळेकुट्ट, ओलसर, भेरली माडांचे रान व्हाळांच्या काठाला. तुम्हाला ते हवे असेल तर "व्हाळाच्या कडेकडेने जाणारी वाट" असेच मागा. नाहीतर गाईड सोपी म्हणून माथ्यावरची वाट घेतो आणि दिवसभर उन्हात चालणे होते.

परवानगी गाईडवर सोडून मोकळे होऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, पर्यटनासाठीचा परवाना कलम २८ खाली मिळतो. नाक्यावरची पावती सर्वांना माहीत असलेल्या वाटांपुरती असते. आतल्या वाटेसाठी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात आठवडाभर आधी अर्ज द्या, सोबत सगळ्यांच्या आधारच्या प्रती आणि गाड्यांचे नंबर. "परवानगी कसली, मला आतली वाट ठाऊक आहे" म्हणणारा गाईड घेऊ नये.

शेवटचा_माणूस
वरचे सगळे बरोबर. गाईडबद्दल मी लिहितो, कारण लोक त्याला फक्त किती पैसे आणि किती किलोमीटर एवढेच विचारतात. किलोमीटरला रानात अर्थ नाही. मुळे, ओले दगड, मध्ये थांबणे धरून मिश्र गट तासाला दीड-दोन किलोमीटरच चालतो. म्हणून विचारायचे ते हे: कुठेही पोचलो असलो तरी किती वाजता परत फिरायचे? डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पण झाडीखाली साडेपाचलाच वाट दिसेनाशी होते. चार वाजता गाडीजवळ असायचे म्हणजे सातला निघून साडेअकराला तोंड वळवायचे. उतरताना वेळ कमी लागतो हे गृहीत धरू नका, दमलेले गुडघे उतारावरच दगा देतात. मैनापी साडेअकरापर्यंत आली नाही तर आली नाही. हा आकडा निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर बोलून घ्या, कारण धबधब्याचा आवाज कानावर यायला लागला की कोणी कोणाचे ऐकत नाही.

दुसरे, शेवटी कोण चालणार? आठजणांना पुढे एक गाईड आणि मागे एक वाट माहीत असलेला माणूस, असे दोघे हवेत. वाट चुकते ती बहुधा मधल्या फाट्यावर, पुढचा वळून गेल्यावर. म्हणून प्रत्येकाने मागच्यासाठी थांबायचे आणि तो दिसल्यावरच वळायचे. पैसे माणशी न ठरवता गाईडमागे ठरवा, म्हणजे ऐनवेळी तुमच्यात दुसरे सहाजण घुसवले जात नाहीत.

तिसरे, पाणी वाढले तर दुसरी वाट आहे का? "नाही" हे उत्तरही चालेल, मग त्या व्हाळापलीकडे जायचेच नाही. ओलांडताना रुंद, उथळ जागा शोधा. अरुंद जागी खोली आणि ओढ दोन्ही जास्त. गुडघ्यावर पाणी असेल तर मुलीला उतरवू नका. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून, तोंड प्रवाहाकडे करून, तिरके सरकत जायचे. धबधब्याच्या माथ्यावर कधीच ओलांडायचे नाही. पाणी अचानक गढूळ झाले किंवा पाने-काटक्या वाहून यायला लागल्या की वरती पाऊस झाला आहे. तेव्हा चप्पल राहिली म्हणून मागे वळू नये.

दूधसागर त्याच फेरीत नको. तो कुळ्याहून जीपने, स्वतंत्र दिवस धरून. रुळांवरून चालत जायचा सल्ला अजूनही फिरत असतो. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आणि बोगद्यात गाडी आली तर सरकायला जागा मिळेलच असे नाही.

वाळपईची_नर्स
आधी जळू, कारण मुलीची भीती खरी आहे आणि तिला समजावून सांगितले की कमी होते. डिसेंबरात फार नसतात, व्हाळाकाठी सावलीत एखादी मिळते. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे पँटवरून चढवा, वरच्या कडेला मीठ किंवा तंबाखूचे पाणी चोळा. चिकटलीच तर बारीक तोंडाच्या बाजूने नख त्वचेला टेकवून आडवे सरकवा, सुटते. चिकटलेल्या जळवेवर मीठ टाकू नका, ती पोटातले जखमेत ओकते. नंतर रक्त बराच वेळ थेंब थेंब येते कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. स्वच्छ कापड पंधरा मिनिटे दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका.

जळवेपेक्षा गोचिडीची काळजी करा. म्हादई ज्या सत्तरी तालुक्यात आहे तिथे माकडतापाचे (गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचे) रुग्ण आढळलेले आहेत आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणून नेत्रावळी निवडली ते चांगलेच. कुठल्याही रानात पाचोळ्यावर बसू नका, प्लॅस्टिकचा तुकडा अंथरा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. मुक्कामावर आल्याबरोबर कपडे पिशवीत बांधून गरम पाण्याने अंघोळ, मग काख, जांघा, कानामागे तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल नाही, काडीचा चटका नाही. ताप यायचा तर साधारण तीन ते आठ दिवसांत येतो. डॉक्टरांकडे गेल्यावर "रानात गेलो होतो" हे पहिले वाक्य असू दे.

साप: व्हाळाकाठच्या फांदीवर कमरेच्या उंचीला चापडा हा विषारी साप तासन्‌तास हलत नाही. त्यामुळे तोल जाताना न बघता फांदी धरायची नाही, काठी वापरा. आपल्याकडचे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यावर बनवलेले आहे, चापड्यावर त्याचा भरवसा नाही. तरीही दंश कशाचाही असो, हॉस्पिटल गाठायचेच. चिरायचे नाही, आवळून बांधायचे नाही, चालवायचे नाही. अवयव फळीला बांधून उचलून आणा. दोन बांबू आणि बटणे लावलेले दोन-तीन जाड शर्ट यांची डोली होते. उचलायला एका वेळी चौघे लागतात आणि ते लवकर दमतात, म्हणून गाईड धरून दहाजण असणे बरे. आत मोबाईलला रेंज नसते, १०८ ला फोन कुठल्या वळणावरून लागतो ते गाईडला जातानाच दाखवायला सांगा.

पाणी माणशी तीन लिटर, ओआरएसची दोन पाकिटे (एक पाकीट एक लिटरलाच, अंदाजाने नाही). व्हाळाचे पाणी प्यायचेच झाले तर आधी फडक्यातून गाळा, मग क्लोरीनची गोळी, मग अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही.

फोंडेकर_आठजण
खूपच उपयोगी. साडेअकरा लिहून घेतले. बूट नवीन घ्यावे लागतील का? दोघांकडे फुटबॉलचे स्टड आहेत.

सांगेकर
स्टड चिखलात चालतात, पण शेवाळलेल्या दगडावर टोकांवर उभे राहिल्यासारखे होते, घसरतातच. खोल नक्षीचे मऊ रबरी तळ असलेले जुने, पायाला बसलेले बूट घ्या. नवे कोरे घालून येऊ नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच: डिसेंबरात खाजकुयलीच्या शेंगा सुकायला लागतात, तिची लव वाऱ्यानेही अंगावर येते. लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा, मग धुवा. रानबिब्ब्याचा चीक कातडीवर फोड आणतो, म्हणून मुलीला कुठल्याही झाडाची साल सोलू देऊ नका.

आणि निघताना मुक्कामाच्या घरी एक कागद ठेवा: नावे, कुठली वाट, गाईडचा नंबर, परत येण्याची वेळ. खाली लिहा की सहापर्यंत आलो नाही तर वनखात्याच्या नाक्यावर सांगा.