पडदा पिवळसर करणारा नाइट लाइट लावूनही झोप उशिराच लागते. आणखी काय बदलावं?

रात्रपाळी: रात्री ११ पर्यंत लॅपटॉपवर काम, मग अर्धा तास मोबाइल. दोन्हींवर नाइट लाइट सुरू, तरी साडेबाराशिवाय डोळा लागत नाही. खोलीत २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब आहे. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ का?

कवडसा: चष्म्याचं नंतर बघा, आधी ट्यूब. तिच्यावर बहुधा ६५०० के (केल्विन, प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर) छापलेलं असेल. शरीराचं घड्याळ लावणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाने सगळ्यात जास्त चेततात. तो पडद्यातून येतो की छतावरून, त्यांना सारखंच. नऊनंतर ट्यूब बंद करा आणि ५ वॉटचा, २७०० के चा पिवळसर बल्ब टेबललॅम्पमध्ये लावून डोळ्यांच्या पातळीखाली ठेवा. वॉट पाव झाले, निळा भाग आणखी निम्म्यावर आला, म्हणजे निळसर प्रकाश अंदाजे आठवा हिस्सा उरतो. हा बदल सगळ्यात स्वस्त, आणि नेमका हाच राहून जातो.

निद्रानाथ: नाइट लाइट मुख्यतः रंग बदलतो, उजेड फारसा कमी होत नाही. उजळलेल्या खोलीत ऑटो ब्राइटनेस तो उलट वाढवतो, म्हणून रात्री ऑटो बंद ठेवा. अँड्रॉइड १२ पासून पुढे बहुतेक फोनांत ‘एक्स्ट्रा डिम’ (पडदा नेहमीच्या किमान उजेडापेक्षाही मंद करणारी सोय) असतं. आयफोनवर त्यासाठी सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ, तिथे ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’. पांढरं पान कागदासारखं मंद दिसेपर्यंत कमी करत जा. फोन २० ऐवजी ४० सेंटिमीटरवर धरलात तर डोळ्यांत जाणारा प्रकाश जवळपास पाव होतो. अक्षरं मोठी करा, म्हणजे हात आपोआप लांब राहतो. एक मात्र सांभाळा: काही ओलेड पडदे अगदी कमी उजेडावर लुकलुकतात. डोकं दुखलं तर ब्राइटनेस थोडा वर घेऊन एक्स्ट्रा डिमने खाली आणा.

रात्रपाळी: लक्स, म्हणजे उजेड किती पडतो ते मोजणारं ॲप चालेल?

कवडसा: अंदाजापुरतं. फोन डोळ्यांच्या जागी, पडदा दिसतो त्या दिशेला धरून मोजा. २०२२ मध्ये तज्ज्ञांनी झोपेआधीच्या तीन तासांसाठी १० मेलानोपिक लक्सची (त्या घड्याळाच्या पेशींना जाणवणाऱ्या उजेडाचं माप) कमाल मर्यादा सुचवली. ॲप साधे लक्स दाखवतं; पिवळ्या बल्बला त्याच्या निम्मे धरा, ६५०० के च्या ट्यूबला जवळजवळ तेवढेच.

निद्रानाथ: आणि चष्मा: साध्या पारदर्शक ‘ब्लू कट’ काचा निळ्याचा थोडाच भाग अडवतात. झोपेला त्यांचा फायदा होतो असं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यातही ठाम निघालं नाही. गडद नारिंगी काचा खूप अडवतात, पण रंगांचं काम असेल तर त्या निरुपयोगी. ते पैसे वाचवा आणि सकाळी उठल्यावर अर्धा तास गच्चीत बसा. दिवसा भरपूर उजेड मिळाला की रात्रीच्या प्रकाशाचा मारा कमी जाणवतो.