मदत हवी आहे: प्लाकमध्ये उगवलेल्या कॉलन्या क्रिस्परमुळे वाचल्या की अन्य कारणाने, हे कसे ओळखावे?

नमस्कार. मी नागपूरच्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असून, जीवाणू परक्या डीएनएपासून स्वतःचा बचाव कसा करतात हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. नाग नदीचे पाणी गाळून त्यातून ई. कोलाय के-१२ या जीवाणूवर वाढणारे फेज, म्हणजे जीवाणूंना ग्रासणारे विषाणू, आम्ही वेगळे केले. शहराचे सांडपाणी या नदीत मिसळते, त्यामुळे फेज मिळवणे अवघड गेले नाही. रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या प्लेटवर जीवाणूंच्या दुधट थरात स्वच्छ गोल प्लाक, म्हणजे फेजने जीवाणू मारल्याने पडलेले ठिपके, दिसतात. परंतु त्याच प्लेट आणखी काही काळ ठेवल्या, की काही प्लाकच्या आत टाचणीच्या डोक्याएवढ्या एकट्यादुकट्या कॉलन्या उगवतात. त्या उचलून नव्या प्लेटवर वाढवल्या आणि त्यांच्यावर तोच फेज टाकला, तर प्लाक पडत नाहीत.

वर्गातील चर्चेत बहुतेकांचे मत पडले की हे क्रिस्परचेच, म्हणजे फेजच्या डीएनएचे तुकडे जपून ठेवून पुढे तो फेज ओळखणाऱ्या जीवाणूंच्या बचावयंत्रणेचेच, काम असावे. १९८७ मध्ये ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि सहकाऱ्यांना ई. कोलायमध्येच क्रिस्परचे पुनरावृत्त डीएनए क्रम प्रथम दिसले. पुढे स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिका यांनी मिठागरांतील हॅलोफेरॅक्स या आर्कियामध्ये (जीवाणूंहून वेगळ्या गटातील एकपेशीय सजीवात) तशीच रचना पाहिली आणि २००५ मध्ये, त्या पुनरावृत्तींच्या मधले स्पेसर (तुकडे) फेज व प्लाझ्मिड (पेशीतील सुटे डीएनए वर्तुळ) यांच्या डीएनएशी जुळतात, हे दाखवून दिले. हा इतिहास वाचल्यावर आपल्या प्लेटवर तेच घडत आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. हे रेस्ट्रिक्शन एन्झाइमचे, म्हणजे परका डीएनए कापणाऱ्या प्रथिनाचे, काम असू शकते का, आणि नसल्यास ते कोणत्या आधारावर वगळावे? आमच्याकडे पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या अनेक प्रती काढणे) आणि जेलची (ते तुकडे लांबीनुसार वेगळे करणे) सोय आहे, सिक्वेन्सिंगची (डीएनएचा क्रम वाचणे) नाही. एवढ्या साधनांत काय सिद्ध करता येईल, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रेस्ट्रिक्शनचा पर्याय तर आपल्या प्लेटच्याच आधारे बाजूला ठेवता येतो. या पद्धतीत जीवाणू स्वतःच्या डीएनएवरील ठरावीक क्रमांना मिथाइल गट लावून ठेवतो आणि ज्या डीएनएवर ती खूण नाही तो कापतो. मात्र एखादा फेज निसटून आत वाढला, तर त्याच्या संततीवरही यजमानाचीच खूण उमटते आणि ती संतती त्याच जातीच्या इतर पेशींना निर्धोकपणे ग्रासते. दुसऱ्या, ही खूण न लावणाऱ्या यजमानातून एकदा वाढवून आणली, की तिचे हे संरक्षण जाते. १९५० च्या दशकाच्या आरंभी लुरिया, बर्टानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलेली गोष्ट हीच, आणि पुढे आर्बर, स्मिथ व नेथन्स यांना १९७८ चे नोबेल मिळाले तेही याच वाटेवरच्या कामासाठी. आपल्या प्लाकमधील फेज त्याच के-१२ मध्ये वाढलेले असल्याने त्यांच्यावर ती खूण आधीच आहे, तेव्हा त्यांच्यापासून कॉलनी वाचली तर कारण दुसरे शोधावे लागेल.

राहिले तीन संशयित, आणि त्यांत क्रिस्पर मला शेवटचा वाटतो. के-१२ मध्ये क्रिस्परची यंत्रणा पूर्ण आहे, परंतु एच-एनएस नावाचे प्रथिन तिची जनुके प्रयोगशाळेतील नेहमीच्या वाढीत दाबून ठेवते. त्यामुळे अशा कॉलन्यांमध्ये बहुधा आढळते ते साधे उत्परिवर्तन: फेज पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या रिसेप्टरला चिकटतो तो बदलतो किंवा नाहीसा होतो. हे तपासायला महागडे काही लागत नाही. कॉलनी दोन-तीनदा स्ट्रीक करून (नव्या प्लेटवर रेघोट्या ओढून) चिकटून आलेले फेज आधी काढून टाका. मग तिच्या द्रव कल्चरमध्ये मोजलेला फेज मिसळा, सुमारे दहा मिनिटांनी सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या द्रवात किती फेज मोकळे उरले ते मूळ संवेदनशील जातीवर प्लेट करून मोजा. शेजारी मूळ जातीचा आणि निव्वळ माध्यमाचा नियंत्रण-प्रयोग ठेवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. जवळपास सगळा फेज मोकळाच राहिला, तर तो पेशीला चिकटलेलाच नाही, आणि डीएनए आत शिरल्यानंतरच्या बचावाचा प्रश्न तेथेच संपतो.

फेज चिकटत असेल, तर दुसरा संशयित तपासावा. फेज समशीतोष्ण प्रकारचा (पेशीला लगेच न मारता तिच्यात दडून राहू शकणारा) असल्यास, वाचलेल्या पेशी त्याचा जीनोम स्वतःच्या गुणसूत्रात बाळगणाऱ्या लायसोजेन असू शकतात. त्यांना त्याच फेजचे दुसरे आक्रमण बाधत नाही, कारण आतला रिप्रेसर (फेजची जनुके दाबणारे प्रथिन) नव्याने आलेल्या जीनोमलाही गप्प करतो. प्लाक अगदी स्वच्छ असतील तर याची शक्यता कमी, पण अतिनील किरण देऊन फेज बाहेर पडतो का, हे पाहणे सोपे आहे.

यानंतरच क्रिस्परकडे वळावे. नवा स्पेसर नेहमी लीडर क्रमाच्या (रिपीट-स्पेसरच्या रांगेआधीच्या डीएनएच्या) बाजूला जोडला जातो, म्हणून पीसीआरची सीमा ठरवणारा एक प्रायमर (छोटा डीएनए तुकडा) लीडरमध्ये आणि दुसरा त्याच्या जवळच्या जुन्या स्पेसरमध्ये घ्या. ई. कोलायमध्ये रिपीट (पुनरावृत्त क्रम) २९ आणि स्पेसर ३२ बेस-जोड्यांचा असल्याने, एक स्पेसर वाढला तर जेलवरील पट्टा ६१ बेस-जोड्यांनी वर सरकलेला दिसेल. उत्पादन दोन-तीनशे बेस-जोड्यांचे राहील असे प्रायमर निवडा, जेल दाट ठेवा आणि मूळ जातीचा नमुना अगदी लगतच्या खाचेत घाला. पट्टा सरकला तरी तो स्पेसर आपल्याच फेजचा आहे हे सिक्वेन्सिंगशिवाय म्हणता येणार नाही. मात्र तेवढा एक तुकडा बाहेरून वाचून घेणे फार खर्चिक नाही, आणि प्रबंधात तो एक निकाल अनेक पानांच्या चर्चेपेक्षा वजनदार ठरेल.

मार्गदर्शकांची संमती असेल तर स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या दह्याच्या जीवाणूचाही विचार करा. २००७ मध्ये बारंगू आणि सहकाऱ्यांनी याच जीवाणूत दाखवले की फेजला दाद न देणाऱ्या कॉलन्यांनी त्या फेजचे तुकडे स्पेसर म्हणून जोडून घेतलेले असतात, आणि ते स्पेसर काढले किंवा घातले की प्रतिकारही त्याप्रमाणे जातो किंवा येतो. ताकाच्या निवळीतून त्याचा फेज मिळतो का, हे आधी पाहावे लागेल. मिळाला, तर आपल्याला हवे असलेले दृश्य के-१२ पेक्षा येथे दिसण्याची शक्यता पुष्कळ जास्त आहे.