मदत हवी आहे: लोहाच्या दोन संयुजा मुलीला कशा समजावून सांगाव्यात?

नमस्कार. आम्ही कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरजवळ राहतो. माझी मुलगी नववीत असून मीच तिचा रसायनशास्त्राचा अभ्यास घेते. सोडिअमचे इलेक्ट्रॉन संरूपण (म्हणजे आतून बाहेर प्रत्येक कवचातील इलेक्ट्रॉनांची संख्या) २, ८, १ म्हणून तो एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीनचे २, ८, ७ म्हणून तो एक घेतो, आणि म्हणूनच दोघांची संयुजा (म्हणजे संयोग होताना दिल्या-घेतल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या) १, हे तिला नीट उमगले आहे.

अडचण लोहापाशी आली. फेरस संयुगांमध्ये लोहाची संयुजा २ आणि फेरिक संयुगांमध्ये ३ असते, हे तिने पाठ केले, पण हिराकशीचे (फेरस सल्फेटचे) हिरवट खडे दमट हवेत उघडे राहून कडेने पिवळसर तपकिरी, म्हणजे फेरिक, झालेले पाहिले, तेव्हा तिने विचारले, "आई, लोहाचे संरूपण २, ८, १४, २ आहे, बाहेरच्या कवचात दोनच इलेक्ट्रॉन आहेत, तर तिसरा येतो कुठून?" तो आतल्या, चौदा इलेक्ट्रॉनांच्या कवचातून जातो, एवढे मी सांगू शकले. मात्र आतले कवच इलेक्ट्रॉन का सोडते आणि सोडिअमचे तसे का करीत नाही, हे उपकवचांचा (कवचाच्या आतील उपविभागांचा) उल्लेख न करता नववीच्या मुलीला पटेल अशा रीतीने कसे सांगावे? तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. "पुढच्या वर्गात कळेल" म्हणून तो टाळायचा नाही. शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.