चंद्रावरच्या सूटचं रबर ५० वर्षं टिकलं, आमचे वेटसूट ३ पावसाळ्यांत का गेले?

तारकर्लीकर
मी तारकर्लीला स्कूबावाल्यांकडे सीझनला कामाला असतो. पावसाळ्यात सगळं बंद, तेव्हा वेटसूट, म्हणजे बुडी मारताना घालायचे रबरी सूट, धुवून वाळवून प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारायची आणि माळ्यावर टाकायचे, अशी आमची पद्धत. या वर्षी काढले तर २ सूट गुडघ्यात कडक झालेले आणि घडी होती तिथे चिरा पडलेल्या, मास्कचे पट्टे हाताला चिकटतायत. मग वाचनात आलं की नील आर्मस्ट्राँगच्या चंद्रावरच्या सूटमध्येपण आमच्या वेटसूटसारखं निओप्रीनच (एक कृत्रिम रबर) होतं आणि तो अजून म्युझियममध्ये आहे. कसा टिकवला त्यांनी? कोणाला माहीत असेल तर नीट सांगा, मला खरंच हवंय.

जुनं_जपा
दादा, तो टिकावा म्हणून बनवलाच नव्हता, जेमतेम ६ महिने चालला की झालं असा हिशोब होता. आतला हवा धरणारा थर निओप्रीनचा, आणि निओप्रीन जुनं होताना त्यातला क्लोरीन सुटतो, त्याचं दमटपणात आम्ल होतं, मग ते आम्ल शेजारचं कापड आणि धातू खातं. प्लास्टिकच्या नळ्यांमधलं मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येऊन चिकट डाग पडतात, तुमच्या पट्ट्यांचंही तसंच काहीतरी झालेलं असणार. आर्मस्ट्राँगचा सूट २००६ ला प्रदर्शनातून काढून घेतला, २०१५ ला लोकवर्गणीतून ७ लाख डॉलरच्या वर जमले आणि १६ जुलै २०१९ ला, म्हणजे अपोलो ११ उडालं त्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, परत मांडला. आता साधारण १६-१७ अंश, आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास, उजेड मंद, आणि आतला पुतळा असा केलाय की सूटमधून गाळलेली हवा खेळती राहते. हवा खेळती राहणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण सुटलेला वायू आत कोंडला की नास भराभर होतो. तुम्ही नेमकं कोंडताय.

शिवणकाम_देवगड
मी ३० वर्षं ब्लाऊज शिवतेय म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा. तो सूट शिवला कोणी माहितीये? प्लेटेक्स नावाने ब्रा आणि कंबरपट्टे विकणाऱ्या कंपनीच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी, अमेरिकेत डेलावेअरला. २१ थर, आणि टीप इंचाच्या ६४व्या भागाएवढीही हलता कामा नये. आपण बेतताना टाचण्या लावतो ना, तिथे एखादी टाचणी आत राहिली तर सूट फुटून माणूस जाणार, म्हणून एक्सरे काढून बघायचे. मशीनवर बसलेल्या बाईच्या मनावर किती ओझं असेल ते मला कळतं हो. मोहिमेवर जाणाऱ्या प्रत्येक अंतराळवीराचे मापाचे ३ सूट, एक सरावाचा, एक उड्डाणाचा, एक जादा. हातमोजे तर हाताचा साचा घेऊन केलेले.

तारकर्लीकर
ताई हे माहीतच नव्हतं! पण एवढं मापात कशाला, थोडा सैल चालला नसता?

शिवणकाम_देवगड
आत हवा भरली की सूट टणक होतो, सायकलच्या ट्यूबसारखा, मग कोपर वाकवायलाच जोर लागतो. म्हणून सांध्यांवर रबराच्या वळ्या, आपल्या दशावतारातल्या पेटीचा भाता असतो तशा, म्हणजे वाकवलं तरी आतली जागा तेवढीच राहते. पण त्या वळ्या बरोबर गुडघ्यावर-कोपरावर आल्या पाहिजेत, २ बोटं खाली सरकल्या तर काही उपयोग नाही. बाहीचं मापही तसंच, अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटची बोटं मोज्याच्या टोकाला दाबली जात होती आणि नखं पार दुखावली.

जुनं_जपा
आणि धूळ राहिलीच की. चंद्रावरच्या धुळीला वारापाणी लागलेलं नाही त्यामुळे कण काचेसारखे धारदार, आपल्या किनाऱ्यावरची वाळू लाटांनी घासून गुळगुळीत होते तसं तिकडे होत नाही. कापडात रुतून बसते, झिपा आणि सांधे अडकवते. तुमच्याकडे त्या जागी मीठ आहे, गोड्या पाण्यात नुसतं बुचकळून जात नाही, झिपेवर हलका ब्रश मारा.

तारकर्लीकर
मग एसी लावायचा का? परवडणार नाही, आणि जूनमध्ये इकडे लाईटचा भरवसा नाही.

जुनं_जपा
एसी नको. आतली बाजू बाहेर काढून सावलीत वाळवा, रुंद खांद्याच्या हँगरला लावा, घडी अजिबात नको, पिशवी तर नकोच. माळ्यावर पत्र्याची उष्णता असते, खाली वारा लागेल अशा खोलीत ठेवा आणि पाऊस उघडेल त्या दिवशी खिडकी उघडून पंखा लावा. चिरा पडल्यात ते २ मात्र आता भाड्याने देऊ नका, चीर वाढत जाते.

तारकर्लीकर
आजच सगळे पिशव्यांतून काढतो. हँगर ४० लागतील, कुडाळच्या बाजारात बघतो.