पाकीट उलटं करा: लेबल तुम्ही कसं वाचता?

लेबल वाचावं, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. गाडी अडते ती पुढे. आकडे दिसतात, पण त्यांचं करायचं काय? म्हणून हा अनुभव धागा. फडताळासमोर उभ्या उभ्या करता येईल अशी युक्ती लिहा. ब्रँडची नावं नकोत, आणि 'अमुक म्हणजे विष' छापाचे फॉरवर्ड तर अजिबातच नकोत.

सुरुवात मी करते. पाकिटाची दर्शनी बाजू ही जाहिरात असते, ती सोडा. मागच्या तक्त्यात आधी 'किती' नव्हे, तर 'कशात किती' ते बघा. दोन पदार्थांची तुलना करायची तर दर १०० ग्रॅमचाच रकाना धरा. सर्व्हिंगचा (एका वेळी खायच्या वाट्याचा) रकाना तुलनेला कुचकामी, कारण एकाची सर्व्हिंग २० ग्रॅमची असते, दुसऱ्याची ३० ची. पोटात किती जाणार हे काढायचं असेल तेव्हा मात्र सर्व्हिंग लागते. समजा १५० ग्रॅमचं पाकीट आहे, सर्व्हिंग ३० ग्रॅमची आणि तिच्यात मीठ ०.५ ग्रॅम. पाकीट एका बैठकीत संपणार असेल तर पाच सर्व्हिंग, म्हणजे २.५ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. त्यातलं निम्मं इथेच संपलं.

प्रतिसाद १

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे बहुतेकांना माहीत असतं. गोम पुढे आहे. साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, मध, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट असे पाच गोडवे थोडे थोडे घातले की प्रत्येकाचं वजन कमी भरतं आणि पहिला नंबर पिठाला जातो. सगळे मिळून धरले तर कदाचित साखरच पहिली आली असती. म्हणून गोडव्यांवर बोट ठेवत यादी एकदा खालपर्यंत वाचा.

त्याच यादीत मीठ कुठे आहे ते शोधा. बऱ्याच पदार्थांत मिठाचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे मिठानंतर आलेलं सगळं चिमूटभरच समजा. दर्शनी बाजूला बदामांचा ढीग आणि यादीत बदाम मिठाच्याही खाली, असं असेल तर तो ढीग फक्त छापलेला आहे. अनेक देशांत चित्रात किंवा नावात मिरवलेल्या घटकाची टक्केवारी कंसात द्यावी लागते. तीही बघा.

प्रतिसाद २

साखरेबद्दल थोडं आणखी. 'एकूण साखर' आणि 'घातलेली साखर' हे दोन वेगळे रकाने आहेत. साध्या दुधातही १०० मिलीला जवळजवळ ५ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि ते एकूण साखरेत मोजलं जातं. स्वादाच्या दुधावर १२ ग्रॅम लिहिलं असेल तर वरून घातलेली साधारण ७. घातलेल्या साखरेचा रकाना नसेल तर त्याच पदार्थाचा बिनस्वादाचा प्रकार शेजारी धरून वजाबाकी करायची, अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो.

मधुमेह असणाऱ्यांनी साखरेच्या ओळीवर थांबू नये. माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टाचं तुटलेलं रूप. साखरेच्या रकान्यात त्याचा बराचसा भाग मोजला जात नाही, पण रक्तातली साखर ते झपाट्याने वाढवतं. एकूण कार्बोहायड्रेट बघा.

प्रतिसाद ३

सोडियम गुणिले अडीच म्हणजे मीठ. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. एका पाकिटावर सोडियम आणि दुसऱ्यावर मीठ लिहिलेलं असलं की सोडियमवालं उगाच कमी खारट वाटतं, म्हणून आधी दोन्ही एका मापात आणा. जिभेवर भरवसा नको. वरून भुरभुरलेलं मीठ लगेच जाणवतं, पिठात मुरलेलं जाणवत नाही, म्हणून पाव खारट लागत नाही. शिवाय खाण्याचा सोडा आणि मोनोसोडियम ग्लुटामेट यांतूनही सोडियम येतंच.

प्रतिसाद ४

शून्य म्हणजे शून्यच असं नाही. अमेरिकेच्या नियमात सर्व्हिंगला ०.५ ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असेल तर ० लिहिता येतं. सर्व्हिंग जितकी लहान, तितकं शून्य सोपं. खातरजमेसाठी घटकांत 'अंशतः हायड्रोजनेटेड तेल' (ट्रान्स फॅटचा मुख्य स्रोत) आहे का ते शोधा.

आकडेमोडीची आवड असेल तर: फॅट गुणिले ९, कार्बोहायड्रेट गुणिले ४, प्रथिनं गुणिले ४, आणि बेरीज. ती छापील कॅलरींच्या जवळपास यायला हवी. फरक पडला तर तंतू (फायबर), साखरेला पर्यायी अल्कोहोल वर्गातले गोडवे किंवा चक्क मद्यार्क (ग्रॅमला ७) यांपैकी काहीतरी आहे. फक्त किलोज्यूल दिले असतील तर ४.२ ने भागा.

प्रतिसाद ५

पेयांना घन पदार्थांची फूटपट्टी लावू नका. ब्रिटनच्या लेबलवरच्या रंगीत दिव्यांच्या पद्धतीत (लाल म्हणजे प्रमाण जास्त) खाद्यपदार्थाला १०० ग्रॅममागे २२.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर लाल, पेयाला मात्र १०० मिलीमागे ११.२५ ग्रॅमच्या वर गेलं की लाल. कारण उघड आहे, पेय आपण घोटाघोटाने मोठ्या प्रमाणात पितो. १०० मिलीला ११ ग्रॅम हा आकडा किरकोळ वाटतो, पण ५०० मिलीच्या बाटलीत तो ५५ होतो. २००० कॅलरींच्या आहारात अशी साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलेलं आहे.

पावडर आणि सरबताच्या अर्कांत हमखास गडबड होते: तक्ता कोरड्या पावडरीचा, की तयार पेयाचा? तयार पेयाचा असेल तर पाण्यात की दुधात, हेही बारीक अक्षरात असतं. 'शुगर फ्री'वर ९५०, ९५१, ९५५, ९६० हे आकडे गोडव्यांचे. ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम, फिनाइलकीटोन्युरिया (एक आनुवंशिक आजार) असणाऱ्यांनी टाळायचं.

प्रतिसाद ६

ॲलर्जी असेल तर नेहमीचं पाकीटसुद्धा दर वेळी वाचायचं. कृती न सांगता बदलते, आणि त्याच पदार्थाच्या लहान पाकिटाचा कारखाना वेगळा असू शकतो. '...चा अंश असू शकतो' ही सूचना अनेक देशांत ऐच्छिक आहे, म्हणून ती नसणं ही हमी नव्हे. केसीन आणि व्हे म्हणजे दूधच. 'लॅक्टोज फ्री'मध्ये दुधाची प्रथिनं तशीच असतात, दुधाची ॲलर्जी असणाऱ्याला ते चालत नाही.

प्रतिसाद ७

तारखांचं कुणी लिहिलं नाही. 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख, उलटली की टाकायचं. 'बेस्ट बिफोर' चव आणि पोत यांच्यासाठी. दोन्ही लागू होतात ते सील शाबूत असताना आणि लिहिलेल्या तापमानात ठेवलं तरच. उघडल्यावर 'इतक्या दिवसांत संपवा' हीच मुदत खरी, म्हणून झाकणावर मार्करने उघडल्याची तारीख घाला.

धागाकर्ती

"एवढं सगळं दुकानात कोण वाचणार?" असं दोघांनी विचारलंय. दर वेळी नाहीच वाचायचं. नेहमीच्या जिनसांचं एकदा घरी बसून वाचा, आणि वेष्टनावर 'नवीन चव' किंवा 'आता अधिक चविष्ट' दिसलं की पुन्हा. ॲलर्जीवाल्यांना ही सूट नाही, प्रतिसाद ६ बघा. डबाबंद पदार्थांत निव्वळ वजन नको, निथळलेलं वजन बघा. उरलेला पाक किंवा खारं पाणी असतं.