टॅप टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून शंटचा विषय संपत नाही

एका ताईंनी लिहिलंय की वडिलांना एनपीएचचा (नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठून चाल आणि स्मरणशक्ती बिघडते तो आजार) संशय आहे, पण टॅप टेस्ट निगेटिव्ह आली आणि डॉक्टर म्हणाले शंटचा (ते पाणी मेंदूतून बहुतेकदा पोटात वळवणारी, ऑपरेशनने बसवायची नळी) उपयोग नाही, म्हणून लिहितोय. कमरेतून सुईने ३० ते ५० मिली पाणी (मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव) काढायचं आणि आधी-नंतर चाल बघायची ही ती टेस्ट, चाल सुधारली तर शंटचा फायदा व्हायची शक्यता चांगलीच, पण सुधारली नाही म्हणजे फायदा होणारच नाही असं अजिबात नाही, निगेटिव्ह आलेल्या कितीतरी पेशंटना पण शंटने फरक पडतो. अशा वेळी लंबर ड्रेनचं नक्की विचारा, त्यात दोन-तीन दिवस कमरेत नळी ठेवून पाणी काढत राहतात, अ‍ॅडमिट व्हावं लागतं, इन्फेक्शनची रिस्क असते पण अंदाज जास्त पक्का येतो.

एमआरआयमध्ये नुसते व्हेंट्रिकल (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) मोठे दिसून भागत नाही, वयाने मेंदू आकसला तरी ते मोठे दिसतात. मेंदूच्या वरच्या बाजूच्या फटी दाटलेल्या आणि सिल्व्हियन फट (मेंदूच्या कडेची मोठी खाच) रुंद असं असेल तर एनपीएच जास्त पटतं.

बाकी चाल आधी बिघडली आणि विसरणं नंतर आलं, त्रास सुरू होऊन फार वर्षं झाली नाहीत, तर रिझल्ट चांगले येतात. सुधारते ती मुख्यतः चाल, स्मरणशक्तीची आशा कमीच ठेवा, सोबत अल्झायमर असेल तर अजून कमी, पण तेवढ्यावरून ऑपरेशन नाकारू नये असं मला मनापासून वाटतं. आणि टेस्टच्या आधी-नंतर चालण्याचा व्हिडिओ काढाच, घाईच्या तपासणीत बारीक फरक सुटतो.